खाऱ्या टँकची दगडरचना बदलणे : प्रकल्प नोंदी, छत्रपती संभाजीनगर

१२ जानेवारी

खाऱ्या पाण्याचा माशांचा टँक १२० × ५० × ५० सेंमी, पाण्याची उंची ४६ सेंमी, उजव्या मागच्या कोपऱ्यात ओव्हरफ्लो (वरचं पाणी खाली नेणारी पेटी), खाली सम्प (गाळणीची दुसरी टाकी). दगड-वाळूची जागा वजा जाता एकूण पाणी साधारण ३०० लिटर. प्रवाळ नाहीत. मासे : ऑसेलारिस क्लाउनची जोडी, डोमिनो डॅमसेल, स्कोपस टँग, लॉनमोअर ब्लेनी, वाळू चाळणारा डायमंड गोबी आणि एक फायरफिश. शिवाय दोन क्लीनर श्रिम्प आणि गोगलगायी. कोरल ब्यूटी (छोटा एंजेल मासा) वेगळ्या क्वारंटाइन टँकमध्ये (नवा मासा काही दिवस वेगळा ठेवायचा टँक) आहे, दगड हलवण्याच्या दिवशीच ती मुख्य टँकमध्ये सोडायची.

जुनी रचना म्हणजे मागच्या काचेला टेकून डावीकडून उजवीकडे गेलेली सलग भिंत, अंदाजे २८ किलो. तिच्यामागे वेव्हमेकरचा (पाणी फिरवणाऱ्या पंपाचा) झोत पोचत नाही, तिथे गाळ साठतो. नायट्रेट (घाण कुजून पाण्यात साठणारा क्षार) ४० पीपीएम.

समोरच्या काचेवर मार्करने २० सेंमीचे सहा उभे पट्टे आखले आणि खाणं टाकण्याआधी व नंतर कोणता मासा कोणत्या पट्ट्यात आहे ते दर मिनिटाला टिपलं. डोमिनो पहिल्या पट्ट्यापासून पाचव्यापर्यंत बिनधास्त. फायरफिश फक्त सहाव्यात, ओव्हरफ्लोच्या पेटीला चिकटून. टँग एका फेरीत जेमतेम तीन पट्टे पोहतो आणि वळतो. डोमिनोची कपार भिंतीच्या मध्यावर आहे आणि भिंत सरळ असल्याने तिथून त्याला दोन्ही टोकं दिसतात. दिसलं की धावतो. म्हणजे जागा कमी नाही, आडोसा कमी आहे. दगड वाढवून हा प्रश्न सुटणार नाही, नजरेची रेषा तोडावी लागेल.

डोमिनो स्वस्त मिळतो, काटक असतो, म्हणून नव्या टँकमध्ये ‘पहिला मासा’ म्हणून सर्रास खपवला जातो. पुढे तोच टँकचा मालक होतो. त्याला काढून देणं हा सगळ्यात सोपा उपाय आहे हे खरं. पण भिंतीमागचा गाळ काढण्यासाठी दगड हलवावे लागणारच, तर आधी रचना बदलून बघायची.

१८ जानेवारी

नवीन दगडांची निवड. जुन्यातले साधारण १८ किलो परत वापरायचे, पायासाठी ९ किलो नवीन सच्छिद्र सिरॅमिक रॉक. किनाऱ्यावरून किंवा कुणाच्या ओळखीने आलेला प्रवाळाचा दगड घ्यायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार प्रवाळाला परिशिष्ट एकचं संरक्षण आहे आणि मेलेला सांगाडाही त्यातून सुटत नाही.

इथला फुकटचा दगड म्हणजे बेसॉल्ट. तो चालतो का, हा प्रश्न नेहमी येतो. घट्ट काळा पाषाण पाण्यात काही सोडत नाही, पण भोकं नसल्याने जिवाणूंना बसायला फक्त वरचा पृष्ठभाग मिळतो, आणि वजन मात्र भरपूर. एखादा खालचा टेकू म्हणून ठीक, पूर्ण रचना त्याची नको. वेरूळ-अजिंठ्याकडच्या डोंगरांत जाळीदार, पांढऱ्या स्फटिकांनी भरलेला बेसॉल्ट सापडतो. ते स्फटिक झिओलाइट असतील तर अमोनिया शोषतील ही अपेक्षा खाऱ्या पाण्यात धरू नये : समुद्राच्या पाण्यात सोडियम इतका असतो की झिओलाइटची जागा तोच अडवतो. गंजाच्या लाल रेषा किंवा धातूची चकाकी असलेला तुकडा सरळ बाजूला.

२५ जानेवारी

प्लायवूडवर १२० × ५० चा चौकोन आखून त्यात पाया कोरडा मांडला. आडवी वाटणी अशी : डावीकडे १२ सेंमी मोकळं, मोठं बेट ५२, मधली गल्ली २०, लहान बेट २४, उजवीकडे पुन्हा १२. मागच्या काचेपासून किमान ८ सेंमी. एवढी फट असली की झोत मागून फिरतो, सायफनची नळी जाते आणि काच घासायचा मॅग्नेटही अडकत नाही. माथा पाण्याच्या पातळीखाली १४ सेंमी, त्यापेक्षा वर नको.

मोठं बेट सरळ न ठेवता कोनात वळवलं, डावं टोक पुढे आणि उजवं मागे. वरून पाहिलं तर लहान बेट त्याच्या ओळीत येत नाही. मोठ्या बेटातल्या कोणत्याही कपारीतून लहान बेटाचा मागचा भाग दिसता कामा नये, ही एकच कसोटी. टॉर्च कपारीत ठेवून खोली अंधारी केली की लगेच कळतं : जिथे उजेड पडतो तिथे डोमिनोची नजर पडणार.

प्रत्येक बिळाला दोन तोंडं हवीत. एकतोंडी बीळ म्हणजे दुबळ्या माशासाठी सापळा, दांडगा मासा दारात उभा राहिला की आतला उपाशी. फायरफिशसाठी लहान बेटाच्या तळाशी २ सेंमीच्या दोन फटी ठेवल्या, ज्यांत डोमिनोचं अंग शिरत नाही. टँगला रात्री आडवं टेकायला मोठ्या बेटात उभी अरुंद खाच.

जोडणी : १० मिमीचा मॅसनरी बिट, ड्रिलचा हॅमर मोड बंद (चालू ठेवला तर सच्छिद्र दगड भोकाशीच फुटतो), आत १० मिमीची अ‍ॅक्रिलिक सळी. लोखंडी किंवा साधी स्टीलची सळी खाऱ्या पाण्यात गंजते, ती कुणी सुचवली तरी ऐकू नये. सांध्याला सायनोअ‍ॅक्रिलेट जेल, त्यावर मळलेली इपॉक्सी पुट्टी, त्यावर पुन्हा जेल, आणि दोन मिनिटं दाब. नुसती पुट्टी ओल्या दगडाला धरत नाही, जेलमुळे पकडते. सिमेंट टाळलं, कारण ते आठवडेच्या आठवडे पाण्यात मुरवल्याशिवाय पीएच वर ढकलत राहतं.

पाया हलवून पाहिला. जमिनीवर घट्ट म्हणजे पाण्यातही घट्ट असं नसतं. पाण्याच्या उचलीमुळे अशा दगडाचं वजन साठ-पासष्ट टक्क्यांवर येतं, तळाशी घर्षण तेवढंच कमी होतं, आणि मोठी टर्बो गोगलगायसुद्धा सुटा दगड खाली पाडू शकते. म्हणून वरच्या थरातला कोणताही दगड नुसता ठेवायचा नाही. एकतर सळीत, नाहीतर पुट्टीत.

३१ जानेवारी

पाणी तयार करणं. बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) ९०० च्या पुढे, नळाला पाणी रोज येत नाही. आरओ-डीआयला (क्षार काढून पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राला) बूस्टर पंप लावल्याशिवाय दाब पुरत नाही. शेवटच्या टप्प्यावर टीडीएस शून्य दाखवतो तोवरच पाणी पिंपात, १-२ दिसायला लागलं की डीआय रेझिन बदललं. १२० लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण ३६० लिटर बाहेर पडतं. ते फरशीला, संडासला, गाडी धुवायला वापरलं. कूलरमध्ये ओतू नये, पॅडवर क्षार बसून ते लाकडासारखे होतात.

१२० लिटरला ४.५ किलो मीठ, म्हणजे लिटरला अंदाजे ३८ ग्रॅम. कंपनीप्रमाणे थोडा फरक पडतो. आधी पाणी, मग मीठ, पंप चालू ठेवून. उलट केलं, म्हणजे मिठावर पाणी ओतलं, तर कॅल्शियम कार्बोनेट पांढरं होऊन तळाशी बसतं आणि परत विरघळत नाही. एक रात्र फिरवून सकाळी खारेपण ३५ पीपीटी (हजार भागांत ३५), तापमान २६ अंश. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपण मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या द्रावणावरच जुळवलेला असावा. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य जुळवलं तरी ३५ जवळ चूक राहू शकते.

२ फेब्रुवारी

आज मुख्य काम. आदल्या दिवसापासून खाणं बंद, टँकचा दिवा बंद, खोलीत मंद उजेड.

सगळ्यात आधी हीटरचा प्लग काढला आणि पंधरा मिनिटं थांबलो. गरम हीटर उघडा पडला तर काच तडकते. मग रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी वर आणणारा), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), वेव्हमेकर बंद. या टँकमध्ये एक सेंमी उंची म्हणजे ६ लिटर, तेव्हा मोजपट्टी काचेला लावली की किती काढलं ते आपोआप कळतं. वरचं स्वच्छ पाणी आधी काढलं : ६० लिटर माशांच्या टबांत, बाकीचं स्वच्छ पाणी दगडांच्या टबात आणि परत भरण्यासाठी पिंपांत. गाळ उठल्यानंतरचं पाणी परत घ्यायचं नाही, म्हणून हा क्रम.

दगड वरून खाली. प्रत्येक दगड टँकच्या वर पाच-दहा सेकंद धरून निथळू दिला. ब्लेनी आणि श्रिम्प बिळातून सहसा याच वेळी बाहेर पडतात. नाही पडले तर दगडासोबत टबात जातात, म्हणून टब झाकलेला आणि त्यात एअरस्टोन. हातात जाड रबरी हातमोजे, कारण जुन्या दगडात ब्रिसल वर्म असतात आणि त्यांचे केस कातडीत घुसले की दोन दिवस आग होते. दगड नळाखाली धुवायचे नाहीत. काढलेल्या खाऱ्या पाण्यातच झटकायचे. अमोनिया खाणारे जिवाणू याच भोकांत बसलेले असतात, गोड्या पाण्यात ते मरतात आणि पुढचा आठवडा अमोनियाशी झगडण्यात जातो.

मासे पकडायची घाई दगड निघेपर्यंत करू नये. भिंत उभी असताना जाळी फिरवणं म्हणजे माशांना दमवणं. दगड निघाले, पाणी १५ सेंमीवर आलं, मग पारदर्शक प्लास्टिकचा डबा आणि दुसऱ्या हातात जाळी, जाळी फक्त हाकायला. टँगच्या शेपटीजवळचं पातं आणि एंजेलच्या गालावरचा काटा जाळीत अडकतो. सोडवताना एकतर मासा जखमी, नाहीतर हात. डोमिनो वेगळ्या बादलीत. फायरफिशच्या टबावर घट्ट झाकण, तो उडी मारतो आणि बहुतेकदा तसाच मरतो.

भिंतीमागची वाळू अपेक्षेप्रमाणे काळी निघाली. कुजक्या अंड्यांचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. ही वाळू हलवायची नाही, जागच्या जागी सायफनने उचलून टाकायची. मागची १० सेंमीची पट्टी पूर्ण काढली, पुढची वाळू जशी होती तशी ठेवली. सगळी वाळू एकदम धुतली असती तर तिच्यातले जिवाणू आणि गोबीचं खाणं दोन्ही गेलं असतं. तळाचं गढूळ पाणी, सुमारे ११० लिटर, गटारात. झाडांच्या आळ्यात नाही.

बेटाच्या जागेवरची वाळू बाजूला सारून काचेवर ३ मिमीची पीव्हीसी शीट, तिच्यावर पाया. वाळूवर दगड ठेवला की गोबी खालून उकरतो आणि डोलारा कलतो. काचेवर टेकलेल्या पायाखाली उकरलं तरी काही बिघडत नाही. जुने दगड सळीवर बसवले, फटी पुट्टीने भरल्या, वाळू परत पायाशी ओढली. पाणी भरताना झोताखाली ताटली ठेवली. उरलेल्या जुन्या दगडांतले ४ किलो सम्पमध्ये, बाकी क्वारंटाइन टँकमध्ये. एकदम दहा किलो दगड कमी केले तर जिवाणूही तेवढेच कमी होतात.

सोडण्याचा क्रम : फायरफिश, गोबी, ब्लेनी, मग क्लाउन, त्यानंतर कोरल ब्यूटी, शेवटी टँग. डोमिनो आज नाही. तो भोकं पाडलेल्या पारदर्शक पेटीत, टँकच्या आतच, डाव्या कोपऱ्यात. दिवा उद्यापर्यंत बंद.

३ फेब्रुवारी

स्किमर उतू जातोय. इपॉक्सी पुट्टीमुळे असं होतंच, दोन-तीन दिवस कपची उंची बदलत बसण्यात अर्थ नाही. कप काढून हवा चालू ठेवली. अमोनिया ०.२५, नायट्राइट शून्य, नायट्रेट २५. पाणी किंचित धुरकट.

टँगच्या पंखांवर पांढरे ठिपके. दगड हलवल्यावर व्हाइट स्पॉट येतो हे ऐकलेलं असतं, म्हणून लगेच औषधाची बाटली उघडली जाते. आधी बघावं : बारीक बुडबुडे आणि वाळूचे कण चिकट त्वचेवर अगदी तसेच दिसतात, पण तासाभरात जागा बदलतात किंवा जातात. क्रिप्टोकॅरिऑनचा (व्हाइट स्पॉटच्या परजीवीचा) ठिपका उठावदार असतो, त्याच जागी काही दिवस राहतो, आणि मासा दगडाला अंग घासतो, श्वास वाढतो. इथे दुपारपर्यंत ठिपके गेले. खरा आजार असता तर मासे बाहेर काढून वेगळ्या टँकमध्ये तांब्याचं औषध द्यावं लागलं असतं. मुख्य टँकमध्ये तांबं कधीच नाही : श्रिम्प-गोगलगायी मरतात आणि दगड ते शोषून घेतात.

५ फेब्रुवारी

अमोनिया शून्य. सगळे मासे खातायत. क्लाउनची जोडी अजून पृष्ठभागाजवळ डाव्या कोपऱ्यात घुटमळते, जुनी रात्रीची जागा नाहीशी झाल्याने. कोरल ब्यूटीने मोठ्या बेटाची मागची बाजू धरली आहे. टँगने काल तिला दोनदा शेपूट वळवून दाखवलं, लागलं नाही. टँग आता दोन्ही बेटांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरतो, सहाच्या सहा पट्ट्यांत. पूर्वी गल्लीच नव्हती.

वेव्हमेकरची दिशा : बारीक कुटलेलं कोरडं खाणं चिमूटभर सोडून कण कुठे थांबतात ते पाहिलं. लहान बेटाच्या मागे थांबत होते. उजवा वेव्हमेकर १० सेंमी खाली आणि मागच्या काचेकडे थोडा वळवला.

७ फेब्रुवारी

डोमिनोला पेटीतून सोडलं, संध्याकाळी दिवा मावळताना. तो पाच रात्री पेटीत राहिल्याने बाकीच्यांनी आपापल्या जागा धरल्या आहेत, आता नवखा तो. आधी वरच्या काठाने फिरला, टँगने पिटाळलं, मग मोठ्या बेटाच्या डाव्या कपारीत घुसला.

९ फेब्रुवारी

दुसऱ्याच दिवशी डोमिनोचा रुबाब परत आला, हे अपेक्षित होतं. रचना बदलून मिळतो तो थोडा अवधी. माशाचा स्वभाव तोच राहतो. फरक एवढा की त्याची हद्द आता एका बेटापुरती आहे. पट्ट्यांची नोंद : पहिला ते तिसरा. गल्लीच्या तोंडाशी येतो, पलीकडे काही दिसत नाही, मागे फिरतो. फायरफिश पाचव्या-सहाव्यात, आणि खाण्याच्या वेळी चौथ्यापर्यंत. खाणं दोन ठिकाणी टाकायचं, आधी डावीकडे डोमिनोसाठी, अर्ध्या मिनिटाने उजवीकडे. एकाच जागी टाकलं तर आडोसा असून नसल्यासारखा.

१ मार्च

नव्या सिरॅमिक रॉकवर तपकिरी थर. डायटम (सूक्ष्म शैवाल), नव्या पृष्ठभागावर येतातच. घासत बसलो नाही, गोगलगायी आणि ब्लेनी साफ करतायत. नायट्रेट २०. गोबीने लहान बेटाखाली बीळ केलं, वाळूचा ढीग गल्लीत. बेट काचेवर असल्याने हललं नाही. ढीग गल्ली बुजवेल इतका झाला तर पसरायचा.

६ एप्रिल

बाहेर ४० च्या वर, खोलीत ३४. पाण्यावर दोन पंखे. हवा कोरडी असल्याने इथे पंख्यांचा गुण कोकणापेक्षा कितीतरी जास्त येतो : अर्धा लिटर पाणी उडालं की ३०० लिटरचं तापमान सुमारे एक अंशाने उतरतं. पण दिवसाला ६ लिटर उडतंय, आणि ते भरलं नाही तर खारेपण दिवसात ३५ वरून ३५.७ वर जातं. भर फक्त आरओ-डीआयच्या गोड्या पाण्याची, खाऱ्याची कधीच नाही.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर एकच वेव्हमेकर आणि हवेचा पंप चालतो. कुटलेल्या खाण्याची चाचणी त्या अवस्थेत परत केली. एकाच झोताचं पाणी गल्लीतून जाऊन मागून वळून येतं, साचलेली जागा दिसत नाही. २५ अंशांना खाऱ्या पाण्यात लिटरला साधारण ६.७ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ६.२. भरदुपारी वीज गेली तर तापमान चढतं तसा साठा घटतो, म्हणून मे महिन्यात हे फिरणं महत्त्वाचं.

डोमिनो ८ सेंमी झाला. अधूनमधून गल्लीतून पलीकडे जायला लागला आहे, कोरल ब्यूटीच्या शेपटीची कड फाटलेली. हा मासा १२-१४ सेंमीपर्यंत वाढतो, तेवढ्या आकाराला या टँकमध्ये कोणतीही रचना पुरणार नाही. मोठा टँक असलेल्या घरी जूनमध्ये द्यायचा ठरलं, उष्णता उतरल्यावर. तोपर्यंत गल्लीच्या डाव्या तोंडाशी १५ सेंमी उंचीचा एक उभा दगड सळीवर बसवायचा.